कानातली गोळी आणि घरचा फ्रीझर

आदरणीय ताई,

लग्नानंतर मी नेब्रास्कात सासरच्या शेतावर राहते. सासऱ्यांच्या शंभरेक गायी आहेत. वासरं शरदात विकली जातात आणि पुढे फीडलॉटला, म्हणजे कत्तलीआधी गुरं खुराकावर वाढवतात त्या आवारात, जातात. एखादा गोऱ्हा घरी खायला ठेवतात, त्याचं मांस वर्षभर फ्रीझरमध्ये असतं. मी साताऱ्याकडची, गोमांस खात नाही. नवरा आणि सात वर्षांची मुलगी खातात. त्यावरून घरात कधी वाद झाला नाही.

यंदा मे महिन्यात वासरांना डाग द्यायच्या दिवशी मी पहिल्यांदाच मदतीला उभी राहिले. सासरे वासरांच्या कानात इम्प्लांट गननं काहीतरी टोचत होते. विचारलं तर म्हणाले, "हार्मोन आहे, वाढीसाठी. सगळेच देतात." पैदाशीला ठेवायच्या कालवडींना मात्र दिलं नाही, कारण पुढे गाभण राहायला अडचण येऊ शकते. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मुलीला ते अजिबात देऊ नकोस, पाळी लवकर येईल. इथेही म्हशींना इंजेक्शनं देतात, म्हणून हल्लीच्या मुली लवकर मोठ्या होतात." युरोपात यावर बंदी आहे हेही वाचलं.

परवा रविवारी जेवताना मी मुलीच्या ताटातलं मांस उचलून बाजूला ठेवलं. सासरे काही न बोलता उठून गेले. सासूबाईंना वाटतंय, हे माझ्या धर्माचं आहे. मी काय करू?

नेब्रास्काची एक सून


प्रिय सूनबाई,

सगळ्यात आधी सासऱ्यांना एकच गोष्ट विचार. घरी कापायला ठेवलेल्या जनावराला शेवटची गोळी, म्हणजे कानात टोचतात ते हार्मोन, कधी दिली होती? तुझ्या निम्म्या काळजीचं उत्तर त्यांच्या वहीत लिहिलेलं असेल.

असं का म्हणते, ते सांगते. मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकले आणि कॅन्ससमध्ये गायीगुरांच्या शेतांवर आणि फीडलॉटवर अनेक वर्षं काम केलं. तू पाहिलंस ते मी रोज पाहिलं आहे. वासरू खोड्यात आलं की त्याची मान अडकवतात, कान जंतुनाशकाने पुसतात आणि कानाच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, कातडी आणि कूर्चा यांच्यामधून सुई आडवी सरकवतात. सुई मागे घेताना बारीक गोळ्या एका ओळीत आत राहतात. वरून बोट फिरवलं की त्या हाताला लागतात. चांगला शेतकरी प्रत्येक कानावरून ते बोट फिरवतोच, कारण घाणेरड्या कानात गळू झालं तर गोळी वाया जाते आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

दूध पिणाऱ्या वासरांना बहुधा झेरानॉलच्या तीन गोळ्या देतात, मिळून ३६ मिलिग्रॅम. मक्यावरच्या बुरशीतून निघणाऱ्या एका द्रव्यापासून हे औषध तयार करतात आणि ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं काम करतं. गोळी हळूहळू विरघळते आणि साधारण तीन महिन्यांत तिचा जोर संपतो. म्हणजे मेमध्ये दिलेली गोळी ऑगस्ट-सप्टेंबरात संपली. घरचा गोऱ्हा तुम्ही दीडेक वर्षाचा झाल्यावर, म्हणजे पुढच्या शरदात कापत असाल. मधल्या काळात दुसरी गोळी दिली नसेल, तर तुझ्या लेकीच्या ताटात आलेल्या मांसात त्या मे महिन्यातल्या औषधाचं काहीही उरलेलं नसतं. घरापुरत्या एका जनावराला दुसरी गोळी द्यायची तसदी पुष्कळ शेतकरी घेतच नाहीत. तुझे सासरे घेतात का, ते तेच सांगतील.

विकलेली वासरं फीडलॉटला गेली की तिथला कारभार वेगळा. तिथे जनावर सातआठशे पौंडांचं येतं आणि तेराचौदाशे पौंडांचं होऊन बाहेर पडतं. गव्हाणीत मक्याचा भरडा, इथेनॉलच्या कारखान्यातला चोथा आणि थोडं वाळलेलं गवत, आणि कानात जास्त ताकदीची गोळी. एका नेहमीच्या गोळीत ट्रेनबोलोन २०० मिलिग्रॅम आणि इस्ट्राडायॉल, म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, २० मिलिग्रॅम असतं. ट्रेनबोलोन हे पुरुषी हार्मोनच्या जातीचं, प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. अमेरिकेत गुरांच्या वाढीसाठी अशा सहा हार्मोनना परवानगी आहे. त्यातली तीन शरीरात निसर्गतः असतात, तीन कृत्रिम आहेत. गोळी दिल्यावर कत्तलीपूर्वी अमुक दिवस थांबलंच पाहिजे अशी अटही नाही. हे ऐकून कोणतीही आई दचकेल. त्यामागचा हिशोब असा मांडतात, की गोळी कानात राहते, कान कत्तलखान्यात काढून टाकतात आणि मांसात उतरणारं प्रमाण फारच थोडं असतं.

किती थोडं, ते बघ. इथल्या कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत वर्षानुवर्षं दिला जाणारा आकडा असा आहे: गोळी न दिलेल्या जनावराच्या ८५ ग्रॅम मांसात इस्ट्रोजेन सुमारे १.३ नॅनोग्रॅम, गोळी दिलेल्याच्या मांसात सुमारे १.९ नॅनोग्रॅम. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९९ साली इस्ट्राडायॉलची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ५० नॅनोग्रॅमपर्यंत ठरवली. तुझ्या लेकीचं वजन २२ किलो धरलं तर ती मर्यादा ११०० नॅनोग्रॅम होते. कालवडींचं कोडंही याच हिशोबाने सुटतं. कालवडीच्या स्वतःच्या अंगात, तिचे अवयव घडत असताना, ३६ मिलिग्रॅम औषध तीन महिने झिरपत राहतं. खाणाऱ्याच्या पोटात जातं ते त्याच्या लाखांश हिश्श्याहूनही कमी. म्हणून सासरे कालवडींना जपतात ते योग्यच आहे आणि तरीही मांस खाऊ घालताना ते कुणाला फसवत नाहीत.

मग युरोपवाले वेडे आहेत का? अजिबात नाहीत. त्यांच्या भीतीला इतिहास आहे. अमेरिकेत १९५४ पासून गुरांच्या खाद्यात डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन घालायला परवानगी होती. तेच औषध गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांनाही देत. १९७१ साली लक्षात आलं, की त्या बायकांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. गुरांमधला वापर पूर्ण थांबायला मात्र १९७९ उजाडलं. त्यानंतर लगेचच, १९८० साली, इटलीत बाळांच्या डबाबंद खाण्यातल्या वासराच्या मांसात डीईएस सापडलं आणि युरोपभर आई-बाप खवळून उठले. तिथून युरोपातली बंदी आली आणि १९८९ पासून ती बाहेरून येणाऱ्या मांसालाही लागू झाली. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने खटला भरला. युरोपने धोक्याचं शास्त्रीय मूल्यमापन नीट केलेलं नाही, असा निकाल १९९८ साली लागला. युरोपने तरीही बंदी उठवली नाही, म्हणून पुढच्या वर्षी अमेरिकेने त्यांच्या मालावर जबर शुल्क लावलं. त्याच वर्षी युरोपच्या शास्त्रीय समितीने म्हटलं, की इस्ट्राडायॉलची कोणतीही सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही.

या भांडणात व्यापार होता, हे खरं. पण एक शास्त्रीय मुद्दाही होता आणि तो आईने जाणून घ्यावा असा आहे. वयात न आलेल्या मुलांच्या अंगात स्वतःचं इस्ट्रोजेन किती असतं, हे मोजायच्या जुन्या पद्धती ढोबळ होत्या. ते प्रत्यक्षात समजलं होतं त्यापेक्षा खूपच कमी असावं, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत "शरीरात आधीच इतकं आहे, मांसातल्याने काय होतंय" हा युक्तिवाद लंगडा पडतो, असं डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. त्यामुळे "काहीही धोका नाही" असं छातीठोक वाक्य मी तुला लिहून देणार नाही. धोका असलाच तर फार लहान आहे आणि तुझ्या घरात तो जवळजवळ शून्यावर आणणं सहज शक्य आहे, एवढं मात्र नक्की सांगते.

आता पाळीचं. मुली लवकर वयात येतात हे आईचं निरीक्षण खरं आहे. कारण मात्र तिने धरलंय ते नाही. कोपनहेगनमध्ये १९९१ च्या सुमाराला मुलींमध्ये स्तनांची वाढ सुरू होण्याचं सरासरी वय १०.८८ वर्षं होतं. पंधरा वर्षांनी पुन्हा पाहिलं तर ते ९.८६ वर आलं होतं. म्हणजे हार्मोन दिलेल्या गोमांसावर बंदी असलेल्या देशात वय वर्षभराने खाली आलं. अंगावरची चरबी हे यातलं सगळ्यात पक्कं सापडलेलं कारण आहे, बाकीच्यांचा शोध चालू आहे. लेकीला आठव्या वर्षाच्या आत स्तनांची वाढ सुरू झालेली जाणवली, तर मांसाचा विचार करत बसू नकोस, थेट बालरोगतज्ज्ञांकडे ने.

आणि म्हशीचं इंजेक्शन ही वेगळीच गोष्ट आहे, तेवढं आईला समजावून सांग. आपल्याकडे देतात ते ऑक्सिटोसिन. रेडकू मेलेलं असतं, म्हैस पान्हा सोडत नाही, मग गवळी सुई टोचतो. ते वाढीचं औषध नाही, इस्ट्रोजेनही नाही. ते प्रथिनांच्या जातीचं असल्याने दुधातून आलंच तरी पोटात पचून जातं. मुलींच्या पाळीशी त्याचा संबंध जोडायला आधार नाही. तरीही ते वाईटच आहे, कारण रोज दोन वेळा कळा दिल्यासारखे त्या म्हशीचे हाल होतात. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला घातक असं इंजेक्शन देणं आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मला विचारशील तर फीडलॉटबद्दल काळजी करण्यासारखं खूप आहे, फक्त ते स्टेकच्या तुकड्यात कमी आणि त्याच्या आसपास जास्त आहे. कडक गोळ्या दिलेल्या गोऱ्ह्यांच्या कळपात कधीकधी एखाद्यावर बाकीचे सारखे चढत राहतात. घोड्यावरून फिरणाऱ्या राखणदाराने त्याला वेळीच वेगळा काढला नाही, तर पाठीची सालटी निघतात, पाय मोडतात, कधी मरतोही. असा एक गोऱ्हा मी कुंपणाच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा असलेला पाहिला. शेपटीच्या वरचे केस पार गेले होते आणि कुणी जवळ आलं की तो मागे न बघताच दचकायचा. नुसता मका खाऊन कोटीपोटात, म्हणजे गुरांच्या पहिल्या पोटात, आम्ल होतं, यकृतात गळवं होतात, म्हणून खुराकात रोज औषधं घालावी लागतात. माणसांच्या उपचारात लागणारी अँटिबायोटिक्स नुसत्या वाढीसाठी वापरणं २०१७ पासून बंद झालं, ही चांगली गोष्ट झाली. यकृताची गळवं टाळायला मात्र त्यातलीच काही डॉक्टरच्या चिठ्ठीने अजून दिली जातात. जून २०२२ मध्ये कॅन्ससच्या नैर्ऋत्य भागात उष्णतेच्या लाटेत किमान दोन हजार जनावरं फीडलॉटमध्ये उभ्या उभ्या मेली. सावली नाही, वारा पडलेला आणि अंगावर चरबीचा थर. त्यांच्या कानात काय होतं, हा प्रश्न तिथे गौण होता.

पाण्याचंही तसंच. ट्रेनबोलोन जनावराच्या शेणातून बाहेर पडतं. तुमच्याच राज्यात, एल्कहॉर्न नदीच्या खोऱ्यात, फीडलॉटच्या खालच्या प्रवाहातल्या मिनो नावाच्या छोट्या माशांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नरांची वृषणं लहान होती आणि माद्यांचं मादीपण कमी झालेलं होतं. ट्रेनबोलोनचे अवशेष उन्हात मोडतात आणि अंधार पडल्यावर त्यातला काही भाग पुन्हा जुळून येतो, हे २०१३ मध्ये कळलं. ज्या औषधाचा मांसातला हिशोब इतका काटेकोर ठेवला जातो, त्याचा ओढ्यातला हिशोब इतका सैल का, याची मला खरंच चीड येते.

तुम्ही शेतावर राहता, म्हणजे पाणी स्वतःच्या बोअरचं असणार. ते शेवटचं कधी तपासलं होतं? नेब्रास्कात शेताच्या खतामुळे आणि शेणामुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट चढलेलं पुष्कळ ठिकाणी सापडतं. सार्वजनिक नळाच्या पाण्याला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, खासगी बोअर कोणी येऊन तपासत नाही. मुलीसाठी एकच गोष्ट करायची असेल, तर ही तपासणी आधी करून घे.

आता सासऱ्यांकडे येऊ. ते उठून गेले, कारण त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेलं अन्न नातीच्या ताटातून उचललं गेलं, तेही सगळ्यांसमोर. गुरं पाळणाऱ्या माणसाला याहून जास्त लागणारं दुसरं काही नसतं. ते हार्मोन देतात, यामागे लोभ आहे असं मनात आणू नकोस. दीडदोन डॉलरच्या गोळीने वासरू विकायच्या वेळी साधारण २० पौंड जास्त भरतं. पौंडाला तीन डॉलर धरले तर वासरामागे ६० डॉलर. साठ-सत्तर वासरांचा हिशोब तूच कर आणि त्यातून डिझेल, गवत आणि बँकेचा हप्ता वजा कर. देशातल्या फीडलॉटच्या गुरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त गुरं चारच कंपन्या कापतात. बाजारात बिनगोळीच्या वासराला जास्त भाव देणारा गिऱ्हाईक समोर असला तर कितीतरी शेतकरी उद्या गोळी सोडतील. युरोपला मांस पाठवणाऱ्यांसाठी बिनहार्मोनची गुरं वेगळी नोंदवायची सरकारी व्यवस्था इथे आहे आणि त्यात उतरलेले शेतकरी तुमच्या आसपासही असतील.

एक जरा कडक बोलते, रागावू नकोस. तू गोमांस खात नाहीस हे घराने मान्य केलं आहे आणि ते तसंच राहू दे. पण लेक ते खाते याचं तुला आतून थोडं वाईट वाटत असेल, तर ते वाईट वाटणं हार्मोनच्या नावाखाली बाहेर काढू नकोस. सासूबाईंना जो संशय आला तो याच फटीतून आला. तुझ्या मनात तसं काही असेल, तर नवऱ्याशी एकांतात आणि सरळ बोल, तो तुमच्या दोघांचा प्रश्न आहे. तसं काही नसेल, तर सासूबाईंनाच पहिल्यांदा सांग, की "आई, हे देवाधर्माचं नाही, मला त्या औषधाची भीती वाटली." आई म्हणूनच त्यांना ते कळेल.

मग सासऱ्यांकडे जा. जेवणाच्या टेबलावर नको. ते गुरांना चारा टाकायला निघाले की बरोबर जा आणि कुंपणापाशी बोल. ताट सगळ्यांसमोर उचललं ते चुकलं, एवढं आधी कबूल कर. मग वहीतली तारीख विचार. आणि त्यांच्याकडे एवढंच माग: पुढच्या वर्षी डाग द्यायच्या आधी घरासाठी एक गोऱ्हा निवडा, त्याला वेगळा बिल्ला लावा आणि गोळी देऊ नका. तो थोडा हलका भरेल, त्याची भरपाई आम्ही दोघं देऊ. ते भरपाई घेणार नाहीत, पण तू देऊ केलीस हे लक्षात ठेवतील. त्यांच्या धंद्यातलं बाकी काही बदला, असं आत्ता बोलू नकोस. तो अधिकार मिळायला तुला त्या खोड्यापाशी अजून काही वर्षं उभं राहावं लागेल आणि तू उभी राहावंस असं मला मनापासून वाटतं.

तोवर फ्रीझरमधलं मांस लेकीला आठवड्यातून एकदोनदा द्यायला माझी हरकत नाही. रोज द्यायची तशीही गरज नसते. बाहेरून आणायचंच झालं, तर बीफच्या पाकिटावर 'ऑरगॅनिक' किंवा 'हार्मोन दिलेले नाहीत' असं लिहिलेलं बघ. गोमांसाच्या बाबतीत ही वाक्यं पुराव्याशिवाय छापता येत नाहीत. कोंबडीच्या पाकिटावर तेच वाक्य दिसलं तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नकोस, इथे कोंबड्यांना आणि डुकरांना वाढीसाठी हार्मोन द्यायला मुळात परवानगीच नाही. नुसतं 'गवतावर वाढवलेलं' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ गोळी दिली नाही असा होत नाही. कुरणातल्या गुरांनाही गोळी देतात, तुझ्या सासऱ्यांनी दिली तशीच.

आणि घरच्या गोऱ्ह्यासाठी गावातल्या खाटकाकडे तारीख आत्ताच लावून ठेव. छोट्या खाटकांच्या तारखा बऱ्याच महिने आधी भरतात आणि तारीख हुकली की जनावर उगीच जास्त दिवस मक्यावर ठेवावं लागतं.

तुझी,
ताई